मिकच्या डोक्यावरचं झाकण

हेन्डरसन, ऑकलंड
३ जून २०२५

तीर्थरूप बाबांना,
अक्षताचा सविनय जयभीम. आईलाही सांगा.

तोफांपायी तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुम्ही नुसते हो-हो करता, म्हणून हे पत्र. शिवाय उत्तरही मला सहीच्या कागदावरच हवं आहे.

आमच्या केअर होममध्ये कॉलिन आहे, वय शंभर. अठराव्या वर्षी, दुसऱ्या महायुद्धात, तो इथल्या नौदलाच्या एका क्रूझरवर होता. पॅसिफिकमध्ये, सॉलोमन बेटांजवळ बॉम्ब पडून तोफेच्या बुरुजाला आग लागली. खालची दारूगोळ्याची कोठी पेटली असती तर अख्खं जहाज उडालं असतं. झाकण लावून आत पाणी सोड, असा त्याला हुकूम झाला. त्यानं पाळला. त्याचा मित्र मिक त्या कोठीत होता.

आठवडाभर तो एकच विचारतोय, ते झाकण खालून उघडत होतं का? त्याला धीर यावा म्हणून मी बोलून गेले की नक्की उघडत असणार, माझे बाबा तसल्याच जुन्या क्रूझरवर तोफखान्यात होते, त्यांना ठाऊक आहे. आता तो तुमच्या पत्रासाठी जीव धरून बसलाय. जेवत नाही. डॉक्टरांच्या मते फार तर तीन आठवडे. बाबा, खरं काहीही असो, उघडत होतं एवढंच लिहा.

मैत्रेयला आजोबांना मराठीत चार ओळी लिही म्हटलं, तर ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या पोरांचं ‘हो, झकास’, म्हणून पसार झाला.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची अक्षता


बदलापूर
१४ जून २०२५

चि. अक्षतास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. मैत्रेयच्या चार ओळींची वाट पाहतो आहे, म्हणावं.

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. आधी चिडलो. मला न विचारता माझी साक्ष काढून मोकळी झालीस! तुझी आई म्हणते, शंभरीच्या माणसाशी कसला काटेकोरपणा, लिहून टाका. दोन कागद फाडले. हात चालला नाही.

आमच्या क्रूझरवर ते झाकण खालून उघडत नसे. एकदा कवायतीत मला आत ठेवून वरून खिट्ट्या आवळल्या होत्या. खांदा लावला, पाठ लावली, तसूभर हललं नाही. दहा मिनिटांत मला बाहेर काढलं, तरी पुढं कित्येक महिने मी मोरीचं दार लावून आंघोळ करू शकलो नाही. मिक तेव्हा जिवंत असेल, तर त्याला बाहेर येता आलं नसणार.

पण हेही लिहितो. कॉलिनच्या जागी मी असतो तर मीही ते बंद केलं असतं, आत माझा मित्र आहे हे ठाऊक असूनही. वर शेकडो माणसं होती.

वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. खोटं मात्र माझ्या सहीनं जाणार नाही. रागावू नकोस, जीव लावतेस तशीच लावत राहा.
जयवंत


हेन्डरसन
२५ जून २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र दोन दिवस युनिफॉर्मच्या खिशात घेऊन फिरले. तुमचा रागच आला होता. त्याच्या खोलीत जायची पाळी मी दुसरीला दिली. तिसऱ्या दिवशी त्यानंच निरोप धाडला, की कागद आलाय हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलंय.

मग बसले आणि ओळ न् ओळ इंग्रजीत सांगितली. खिट्ट्यांशी आले तेव्हा त्यानं डोळे मिटले. श्वास असा अडकला की मी बेल दाबणार होते. त्यानं माझं मनगट धरलं आणि पुढं वाचायला सांगितलं. तुम्हीही बंद केलं असतं, ते वाक्य त्यानं तीनदा ऐकलं.

मग म्हणाला, बायको, पाद्री, डॉक्टर, सगळ्यांनी ब्याऐंशी वर्षं हेच सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, तो आधीच गेला असेल. चुकलंच नाही म्हटल्यावर माफी कुणाची मागायची? बाबा, मीही त्याला तेच सांगत होते.

तुमचं पत्र त्यानं छातीवर ठेवून घेतलं. छताकडे बघत मोठ्यानं मिकला हाक मारली आणि त्याची माफी मागितली. मग माझ्याकडून सूप मागून घेतलं आणि सगळं संपवलं.

काल पहाटे तो गेला. पत्र त्याच्या हातातच राहू दिलं आहे.

तुमची,
अक्षता