मंडईचं साल

मार्लबी, ६ मे

सौ. कुसुम हिस अ. उ. आ.

दुरुस्तीचा कागद पाटीखाली डकवत होतो, तेवढ्यात मागे एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पाटी इथल्या जुन्या लोकरमंडईची. तिच्यावरचं साल चुकलेलं. खरं मी चर्चच्या दफ्तरात पाहिलं. वाटलं, आता भांडण. बाईंनी आभार मानले. इतिहास मंडळाच्या अध्यक्षा निघाल्या.

पुण्यात खाली दुसरा कागद लागला असता. इथे चूक दाखवली की चहाला बोलावतात. दुकानं पाचला बंद. माणसं कुत्र्यांशी मोकळेपणाने बोलतात, एकमेकांशी हवेबद्दल. आपल्या ऋचाला हे गाव शांत वाटतं. मला तिच्याकडे येऊन दोन महिने झाले, अजून कोणी उलट बोललेलं नाही.

मंडळाने जूनमधल्या शनिवारच्या फेऱ्या माझ्यावर सोपवल्या आहेत. गाव दाखवायचं, गावकऱ्यांनाच. परतीचं तिकीट जुलैचं करतो. तुझी गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे जाईल का, डॉक्टरांना विचार.

तुझा,
श्यामसुंदर


पुणे, १८ मे

श्री. श्यामसुंदर यांस न. वि. वि.

साष्टांग वगळला आहे. गुडघा वाकत नाही. फोनवर तुम्ही 'बरं'च्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टर म्हणाले, खुशाल पुढे ढकला, फक्त जिना विसरा. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, हे मार्लबीच्या दफ्तरात नसेल. तारीख पंधरा जून. तीच राहील. मंडई इतकी वर्षं उभी आहे, तुमच्याशिवाय हाही पावसाळा काढेल.

शेजारचा पुष्कर सोबत येतो म्हणाला. काका कुठे आहेत, असं त्याने विचारलं. इंग्रजांना इंग्लंड दाखवताहेत, असं सांगितलं. तो हसला. संमतीवर सही नातेवाइकाची लागते. त्याला पुतण्या करून घेईन.

मला भीती वाटते. हे एकदाच लिहिते.

माया असेल तशी पाठवा.
कुसुम


मार्लबी, ७ जून

सौ. कुसुम हिस अ. उ. आ.

काल पहिली फेरी झाली. मंडईसमोर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, मिसेस नाही आल्या? म्हटलं, तिची शस्त्रक्रिया आहे. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. पुण्यात निदान चारचौघांत खरडपट्टी निघाली असती.

अध्यक्षांना सांगितलं, निघतो. तर त्यांनीच माफी मागितली. या लोकांशी भांडायची सोयच नाही.

पत्राच्या आधी मीच पोचेन. पुष्करला पुतण्या करू नकोस.

तुझा,
श्यामसुंदर


पुणे, १५ जून

चि. ऋचास अ. उ. आ.

आईने दार उघडलं आणि विचारलं, इथलं काय चुकलंय, म्हणून आलात? त्यानंतर माझ्याशी फक्त औषधांविषयी बोलली. सही मी केली. आज शस्त्रक्रिया नीट झाली. शुद्धीवर येताच तिने पंख्याबद्दल तक्रार केली, तेव्हा डॉक्टर निर्धास्त झाले.

आम्हा दोघांवर राग-लोभ दोन्ही ठेव.
बाबा

ता. क. १६ जून. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी नर्सने आईला उभं केलं. माझा हात तिने घेतला नाही. वॉकर धरून दारापर्यंत गेली. मी पलंगापाशीच उभा राहिलो. ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, चला.