काळं ग्रीस आणि चौथी ओळ

३ नोव्हेंबर, सोमवार

टक-टक-टक! गाडी वळली की पुढच्या चाकातून आवाज. सरळ चालताना अगदी गप्प. वळण आलं की लागली बोलायला. केसरबाईला म्हणालो, ऐक, छंदात बोलते! तर म्हणे, "छंद तुमालाच. मला गाडी वळवू द्या."

बासष्टाव्या वर्षी बायको गाडी शिकतेय. माझा डावा गुडघा आता क्लच दाबत नाही, म्हणून ही सगळी उठाठेव. यशपालनं पुण्याहून फोनवर बजावलं आहे – "अण्णा, चौदाला आईची टेस्ट. पास झाली तर ठेवा गाडी. नाहीतर पंधराला मी गिऱ्हाईक घेऊन येतो." पोरगा शब्दाचा पक्का. माझ्यावरच गेलाय, काय करणार!

बावीस वर्षं झाली या गाडीला. विकायची? छे!

४ नोव्हेंबर

शिवप्पाच्या गॅरेजात नेली. तो गाडीखाली शिरला, तिथूनच बोलला, "काका, अॅक्सलच्या सांध्याचा रबरी बूट फाटलाय की. आतलं ग्रीस उडून गेलंय, माती शिरलीया."

"सांधा गेला का रे?"

"न्हाय अजून. तुमच्या गुडघ्यापेक्षा बराय."

जाम हसलो! परवा खोलून धुतो म्हणाला. ग्रीस मी आणतो म्हणालो. "आणा, पण इचारून आणा." मी काही विचारलं नाही. टॉवेलच्या कारखान्यात अडतीस वर्षं जॉबर होतो, सगळे माग या हातांनी जुळवले. मला हा ग्रीस शिकवणार!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते लिहू की नको? लिहितोच. इथं कोण हसणार आहे!

दुकानात दोन डबे समोर ठेवले. एकात काळंकुट्ट, दुसऱ्यात पिवळं, रवाळ, नुकतं थिजलेलं तूपच जणू. दुकानदार म्हणाला, "पिवळं बेरिंगचं. पाण्याला दाद देत नाही." घेतलं पिवळं. काळ्याकडे बघवेना. कारखान्यात पांढऱ्या टॉवेलवर काळं बोट उमटलं की माल बाद! मागावर काळं दिसलं की पूस, हेच आयुष्यभर केलं.

गॅरेजात गेलो तर शिवप्पा जेवायला घरी गेलेला. कागदावर सांधा खोलून ठेवलेला – आणि आत सगळं काळं! म्हटलं, या माणसानं धुतलंच नाही! बसलो स्टुलावर. चिंधी, डिझेल. तासभर पुसत होतो. आतल्या सहा पोलादी गोळ्या अशा लखलखल्या की एकेकीत माझं नाक दिसायला लागलं. मग बोटानं पिवळं भरलं, काठोकाठ. जुने दिवस आठवले. गुणगुणतसुद्धा होतो.

शिवप्पा आला. सांध्यावर वाकला.

"काका, हे कुणी केलं?"

"मी!" – केवढ्या अभिमानानं म्हणालो!

तो खालीच बसला. कपाळाला हात लावून हसायला लागला. "ताजं हुतं ओ ते! सकाळीच धुवून माज्या डब्यातलं भरलं हुतं मी!"

हे काय करून बसलो!

७ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा गेलो, अपराधी चेहऱ्यानं. शिवप्पानं माझं पिवळं सगळं काढलं, सांधा धुतला, वाळवला. दोन्ही ग्रीस एकमेकांत मिसळून चालत नाहीत म्हणे. मी विचारलं, "पिवळं वाईट का?"

"वाईट कशाला? चाकाच्या बेरिंगला एक नंबर. पण हितं गोळ्या दाबाखाली घासत सरकत्यात. काळ्यात मॉलीची बारीक पूड असती बगा. दाब आला की तीच मधी उभी ऱ्हाती. लोखंडाला लोखंड भिडू देत न्हाय."

मग मला म्हणाला, "भरा आता तुमीच." मी काळ्याच्या डब्यात बोट घातलं, नाकाशी नेलं – आणि थेट गावी, मंद्रूपलाच पोचलो! वडिलांच्या, आबांच्या बैलगाडीखाली बांबूचा नळा लोंबायचा. त्यात एरंडेल आणि काजळीचं वंगण. असंच काळं! सातवीत गुरुजींनी स्वतःची कविता करून आणायला सांगितली होती, त्या सकाळी मी चाकाला वंगण घालत होतो. पांढऱ्या सदऱ्याला हा पट्टा! आणि वर्गात उभा राहून म्हटलं –

पुढे वळण रे, जपून बैला,
चाक बोलते हळूहळू;
दूर गाव अन् सांज सांडली –

चौथी ओळ झालीच नव्हती. गुरुजी म्हणाले, उद्या वही पूर्ण करून आण. त्याच आठवड्यात शाळा सुटली, सोलापूर, माग. अठ्ठावन्न वर्षं झाली. अजून आणतोय!

काळ्याला घाण समजलो मी. आबांचे हात कसे विसरलो?

नवा बूट बसला, पट्ट्या आवळल्या. गाडी फिरवली. आवाज नाही! हवेत चालल्यासारखी.

९ नोव्हेंबर, रविवार

घोटाळा!!

पहाटे मोकळ्या प्लॉटवर गेलो. केसरबाईनं नेहमीसारखा रांगोळीनं भला मोठा आठ काढला. गाडी घातली आणि रांगोळी पुसत पार बाहेर. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. पंधरा दिवस सुरेख काढत होती, आज काय झालं?

गाडी थांबवून माझ्यावरच डाफरली, "माझं टकटक कुटं गेलं?"

"दुरुस्त केलं की!"

"कुणी सांगितलं हुतं? त्याच्यावर तर मी मोजत हुते! चार टकटक झाल्या की चाक सोडायचं, परत चार, की उलटं फिरवायचं!"

टेस्टला पाच दिवस!

१० नोव्हेंबर

मी शेजारी बसून तोंडानं टक-टक केलं. "गप्प बसा, पाल चुकचुकल्यागत वाटतंय."

११ नोव्हेंबर

सुचलं! अर्ध्या वळणाला एक ओळ. आठाला चार अर्धी वळणं. तिला माझी कविता शिकवली. पहिलं वळण – पुढे वळण रे, जपून बैला. बरोब्बर! दुसरं – बरोब्बर! तिसरं – लाजवाब! चौथ्याला रांगोळी पुसली.

"फुडची वळ?"

"ती नाही."

"न्हाई म्हंजे? अर्ध्यात टेस्ट सोडून घरी येऊ?"

१३ नोव्हेंबर

तीन दिवस ओळ शोधतोय. कळू, मिळू, जळू... काहीच बसत नाही. केसरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बगू उद्या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पास! पास! पास!

कुंपणाबाहेर उभा होतो. ती गाडीत, शेजारी साहेब. पहिली ओळ मी बाहेर म्हटली, ती आत. दुसरी. तिसरी. मी संपलो. पण काचेआड तिचे ओठ हलतच होते! गाडी रेषेवरून अशी आली जशी आबांची गाडी उतारानं यायची.

साहेब उतरून हसत होते. "आजी, काय पुटपुटत होता?"

"पाठ म्हणत हुते, सायेब."

यशपालला फोन लावला, गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठव म्हणालो. तो नुसता "आईनं? खरंच?" म्हणत राहिला.

चौथ्या वळणाला काय म्हणालीस, विचारलं तर सांगेना. "उद्या. मंद्रूपला जाताना."

१५ नोव्हेंबर

ती चालवत होती. मी डावीकडे, हात मांडीवर, ज्वारीची रानं बघत. मंद्रूपच्या वळणावर गाडी हळू केली आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली –

मी हाय की, नको पळू.

एक मात्रा कमी पडते. गुरुजी, वही पूर्ण झाली.