अण्णांच्या गाडीतलं पाणी

डिलाईल रोड,
१४ नोव्हेंबर

ती. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून लवूचा नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे, भाताची कापणी आटोपली का, वहिनींचा चष्मा बदलून झाला का, ते कळवावं. आम्ही सगळे बरे आहोत. फोन न करता पत्र लिहितोय याचा राग मानू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग मला आवाज चढवावा लागतो, आणि आपल्या मजल्यावर आवाज चढवून सांगितलेली गोष्ट जिन्याखालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जाते. ही गोष्ट तुमच्याआधी त्याला कळावी असं मला वाटत नव्हतं. (तरी त्याला कळलीच. पुढे येईल.)

मे महिन्यात गुडघा आखडला म्हणून तुम्ही गाडी माझ्या ताब्यात दिलीत आणि एसटीनं गावी गेलात. जाताना म्हणालात, डिसेंबरात येतो आणि आईला याच गाडीतून कायमची घरी नेतो, तोवर गाडी सांभाळ. मी सांभाळली. पावसाळाभर दर रविवारी बाहेरून पुसली, इंजिन चालू करून पाच मिनिटं तसंच ठेवलं. पण त्यासाठी मी उजव्या बाजूनं बसायचो. डावं दार जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी उघडलंच नाही, ही माझी चूक, आणि ती मी लेखी कबूल करतो. (वास येत होता. मला वाटलं, गाडीचं वय झालं, असायचाच.)

सप्टेंबरात आईला परळला डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हटलं, गावच्या प्रवासाची तेवढीच सवय होईल. डावं दार उघडलं, आईनं पाय आत ठेवला आणि तो चपलेसकट पाण्यात गेला. खालचं कार्पेट पाणी पिऊन फुगलं होतं आणि त्यावर घोटाभर पाणी उभं होतं. वासाबद्दल मी काय लिहू? आईनं नाकाला पदर लावला, आत वाकून नीट पाहिलं आणि मला विचारलं, "ह्येच्यात कोण मेला काय रे?" एवढ्यावरच तिला जो खोकला सुटला तो टॅक्सी मिळेपर्यंत थांबला नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, हिच्या छातीला ओल आणि बुरशी अजिबात चालणार नाही. म्हणजे अण्णा, तुमच्या गाडीत आई दहा मिनिटं बसू शकत नव्हती, आणि तुम्ही तिला दहा तास बसवणार होतात.

उपाय सुरू झाले. आमच्या सुभद्रेनं पाणी उपसून वर्तमानपत्रं अंथरली आणि कापूर जाळला. मग वाटीत कॉफीची पूड ठेवली. मग कोळसे ठेवले. वरच्या मजल्यावरचा रघु (वीस वर्षं जहाजावर होता, त्यामुळे ओलाव्यातलं आपल्याला सगळं कळतं असं तो मानतो) म्हणाला की जहाजावर लिंबं कापून ठेवतात. तीही ठेवली. मी स्वतः मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आरशाला टांगली. आठ दिवसांनी दार उघडलं तेव्हा ओल्या गोणपाटावर कुणीतरी पूजा मांडल्यासारखा वास आला. रघु खात्री करायला आत बसला, काच वर केली, दोन मिनिटांनी उतरला आणि थेट जिना चढून गेला. तेव्हा मला समजलं की पाणी येतंय तोवर वास जाणार नाही, आणि मी उलट्या टोकाकडून कामाला लागलोय.

भायखळ्याच्या बाबुराव मेकॅनिकनं दाराचं रबर बदललं. दोन दिवसांनी पाऊस पडला आणि पाणी पुन्हा तिथंच. मग बाबुराव स्वतः आपल्याकडे आला. गाडीला एक फेरी मारून म्हणाला, "लवूशेठ, एकाने आत झोपायला लागेल, एकाने वरून पाणी ओतायचं." ओतायला आमची लेक अपेक्षा. झोपायला अर्थात मी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पाय मागच्या सीटकडे आणि डोकं डॅशबोर्डखाली घालून, हातात बॅटरी धरून पडलो. अपेक्षानं खालून वर जायचं ठरवलं होतं. आधी दार, मग काचेची कड, मग टप. दर तांब्यानंतर ती विचारायची, "बाबा, आलं?" मी सांगायचो, नाही. गॅलरीतून सगळी चाळ वाकून बघत होती, आणि इस्त्रीवाला इस्त्री बंद करून आला होता. शेवटी तिनं वायपरच्या खालच्या जाळीवर ओतलं. दुसऱ्या तांब्याला पाणी थेट माझ्या उजव्या कानात आलं. मी आलं म्हणालो, पण तोंड डॅशबोर्डखाली असल्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही, आणि अपेक्षानं आणखी तीन तांबे ओतले.

बाबुरावनं ती जाळी काढली. आत आपल्या फाटकाजवळच्या बदामाची पानं कुजून त्यांचा चिखल झाला होता. पाणी खाली जायचं भोक त्यानं बंद झालं होतं आणि साठलेलं पाणी हवा आत यायच्या वाटेनं गाडीत उतरत होतं. त्यानं तार घालून भोक मोकळं केलं. वर तांब्या ओतला, तशी चाकामागं स्वच्छ धार पडली. अण्णा, ती धार बघून मला इतकं बरं वाटलं की मी कानातलं पाणी काढायचं विसरलो. (दोन दिवस मान उजवीकडे कलती करून जेवत होतो.) मग सीट काढून कार्पेट उचललं. त्याखालचा फोम पिळल्यावर दोन बादल्या पाणी निघालं. कार्पेट आणि फोम सुभद्रेनं साबणानं आणि व्हिनेगरनं धुतले आणि गच्चीत ऑक्टोबरच्या उन्हात सात दिवस वाळवले. गाडीचा तळाचा पत्राही पुसून उघडा ठेवला. एसीचा फिल्टर उंदराच्या घरट्यासारखा झाला होता, तो नवा घातला. गाडीही आता बदामाखाली नाही, पलीकडे उन्हात असते.

त्यानंतर नोव्हेंबरात अवकाळी पाऊस दोनदा पडला. मी दोन्ही वेळा सुका रुमाल घेऊन खाली गेलो आणि सुकाच वर आणला. काल सुभद्रेनं काचा बंद करून आत अर्धा तास बसून मटार सोलले. म्हणाली, मटाराचाच वास येतो. गाडी तुमच्या हवाली करायला मी तयार आहे. वहिनींना आठवण सांगावी, तब्येतीला जपावं.

तुमचा धाकटा भाऊ
लवू

ता. क. वर "तयार आहे" असं लिहिलंय, त्यात पुढची डावी सीट धरू नये. ती घरात आहे. गाडी वाळत होती तेव्हा सीट कोरडीच होती, म्हणून मी ती खिडकीशी आणून ठेवली. आई तिच्यावर सहज टेकली. तुम्हाला माहीत नसेल, पण मार्चपासून तिला आडवं झालं की धाप लागते. भिंतीला पाठ लावून ती रात्र काढायची. तुमच्या सीटची पाठ अर्धी मागे केली आणि ती सहा तास झोपली. मी दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. आता महिना झाला. बाबुरावनं खाली लाकडाची चौकट ठोकून दिलीय. सीट मी परत मागितलेली नाही. मागायची म्हटलं तर आईला उठून ती द्यावी लागेल, आणि उठल्यावर तुमच्याबरोबर जावं लागेल. तिला जायचं नाही, अण्णा. तिला इथंच राहायचंय. हे तुम्हाला सांगायला मला इतकी पानं लागली.

ता. ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. कानातल्या पाण्याचं लिहायची गरज नव्हती म्हणाली. तुमच्यासाठी तिनं सांगितलंय ते जसंच्या तसं देतो: "अण्णाक सांग, डिसेंबरात येवा. गाडी घेवन जावा. आणि येताना माका बघूक चार दिस जास्त काढून येवा, मी हयसून खंय जातलंय?"