बाळ आडवं आहे

कुरुळी,
ता. ९ फेब्रुवारी १९५७

सौ. विहीणबाई अंबूबाई यांस सोजराबाईचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुमची कंबर आता कशी आहे? आमचा हरभरा बरा आलाय. पत्र घेऊन हे स्वतः सायकलवर आलेत, त्यांना आधी पाणी द्या. तोंडी निरोप दिला असता तर टोपी हातात धरून तुमच्यासमोर नुसतेच उभे राहिले असते, म्हणून हा कागद.

तळेगावात कालपासून शोधाशोध चालली असेल. विहिरीतसुद्धा पाहिलं असेल. शालन माझ्याकडे आहे. बाजाराला जाते म्हणून निघाली ती एस.टी.नं चाकणला उतरली आणि तिथून चालत आली. दिवस भरलेले, पाय सुजलेले! आधी मी तिला फाडफाड बोलले, मग रडले. तुम्हाला लगेच कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही तिला न्यायला आला असता.

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, हे मलाही कळतं. पहिला नातू माझ्या घरात धनुर्वातानं गेला. बारसंही झालं नव्हतं. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तुमच्या उंबऱ्याला यश न्हाई." मी उलट बोलले नाही, कारण तुम्हीही त्या पोरासाठी जेवण सोडलं होतं.

शालन म्हणते, "आई, पोटात काहीतरी वेगळं लागतंय, पण तिकडं कुणी हात लावून बघत न्हाई." म्हणून मी चाकणच्या इंगाबाईला बोलावलं. तीच ती गोरी सुईण. ती बाटवते असं तुम्ही ऐकलंय. मीही आधी म्हणायचेच, घरी भांडण झाल्याशिवाय डेन्मार्कहून कोण येतं फुकट लोकांची बाळंतपणं करायला? विचारलंसुद्धा तिला. ती म्हणाली, "भांडण न्हाई. आई रडली. तरी आले." आपल्या बायकांकडून शिकलेली, त्यामुळे बोलते आपल्यासारखीच. वर्षभरात तिनं इथं कुणाला बाटवलं नाही. कात्री मात्र उकळल्याशिवाय हातात धरत नाही.

विहीणबाई, बाळ आडवं आहे.

सकाळी इंगाबाईनं पोटावरून हातानं ते हळूहळू वळवलं. डोकं खाली आलं, आम्ही सगळ्या हसलो. शालननं भाकरी खाल्ली. जरा वेळानं बाईनं पुन्हा हात लावला तर ते परत आडवं. आणि आता कळा सुरू झाल्यात. मी म्हटलं, बैलगाडीत घालून तळेगावला पोचवू का, निदान सासरच्या दारात तरी असेल. बाई माझ्यावर ओरडली, "गाडी न्हाई! पुणं. आत्ता." ती चाकणहून जीप आणायला गेलीय. मी शालनच्या उशाशी बसून हे लिहितेय. कळ आली की ती माझा हात धरते, म्हणून अक्षर असं झालंय.

मला भीती वाटतेय. माझ्या हातून पुन्हा तेच होईल, अशी भीती वाटतेय.

पुण्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेतोय, तिथं पोट उघडावं लागलं तर नवऱ्याची सही मागतात म्हणे. मारुतराव पिंपरीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतील. ते माणूस चांगले आहेत, पण तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. म्हणून पत्र त्यांना नाही, तुम्हाला. सायकल तिथंच ठेवून यांच्याबरोबर आगगाडीनं निघा, पिंपरीला उतरून त्यांना घ्या, आणि सही कर असं तुमच्या तोंडानं सांगा. तिथं आल्यावर मला सगळ्या इस्पितळासमोर शिव्या द्या, मी मान वर करणार नाही.

जीप आली. शालन विचारतेय, "सासूबाई येतील का गं?" मी येतील म्हणून सांगितलंय.

तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर नवऱ्याच्या जागी मी सही करीन. डॉक्टरांनी चालत नाही म्हटलं तरी करीन.

तुमच्या सुनेची आई,
सोजरा