शंभरात त्रेचाळीस

११ मे २०२५, सकाळी ७
डोकं फिरलं आहे. गावात दोन व्हॉट्सॲप ग्रुप आणि तीन दिवस दोन्हीकडे एकच भांडण. 'गावविकास' म्हणतो, पाण्याची टाकी फाटली, हा बघा व्हिडिओ. 'खरा गावविकास' म्हणतो, व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला, आपली टाकी ठणठणीत. एकमेकांच्या सात पिढ्या काढून झाल्या. चहाच्या टपऱ्यासुद्धा आता दोन, यांची वेगळी, त्यांची वेगळी. आणि टाकी शाळेच्या मागे उभी आहे. आमच्या ओसरीवरून अर्धी दिसते. दोनशे पावलं. एकाही गधड्याने जाऊन पाहिलं नाही.
उद्या मी स्वतः जाऊन मागची बाजू पाहणार.

१२ मे
ऊन फार. टाकी कुठे पळून जात नाही.

१३ मे
निर्णय घेतला. नवा ग्रुप काढला, नाव 'फक्त खरं'. ॲडमिन मी, रामराव. एकसष्ट मेंबर जोडले. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टाकायचं नाही. जुना फोटो नवा म्हणून टाकला तर तिथल्या तिथे बाहेर. खरं कडू लागलं तरी गिळायचं.
घरात रेंज नाही ही एक कटकट. कोठीच्या खोलीत घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची सहा पोत्यांची थप्पी आहे, तिच्यावर चढून बसलं की पत्र्याजवळच्या झरोक्यातून दोन कांड्या येतात. बैठक चांगली जमते. ऑफिस म्हणायला हरकत नाही.

१८ मे
देवीलालने गारपिटीचा फोटो टाकला. लिंबाएवढ्या गारा, खाली लिहिलं 'आपल्या शिवारात आत्ता'. बाहेर ऊन रणरणतं आहे. फोटो चार वर्षांपूर्वीचा निघाला. दिला काढून. त्याचा फोन आला, चुकून झालं म्हणे. मी म्हणालो, खोट्याला चुकून नसतं. हे वाक्य नंतर ग्रुपवरही टाकलं. तीन अंगठे आले.
मेंबर चव्वेचाळीस.

२३ मे, दुपारी
'गावविकास'वाले म्हणतात मी 'खरा'वाल्यांचा माणूस. 'खरा'वाले म्हणतात मी 'गावविकास'चा. म्हणजे माझं बरोबर चाललं आहे. या लोकांना खरं नको आहे, आपल्या बाजूचं पाहिजे. गोड लागेल ते खातील आणि वर ढेकर देतील. संताप संताप होतो.
त्यात सौ.ची वेगळी कटकट. मी वर बसून बोलत असताना खाली उभी राहून म्हणते, "बियाण्यावर बसू नका जी. सोयाबीन हाये ते, जिराईत ज्वारी नाई. दाणा फुटते." दिवसाला चार तास बसतो असाही तिचा आरोप आहे. साडेतीनच असतील. ज्याला काही मोठं करायचं असतं त्याला घरातून असंच ऐकावं लागतं.
मेंबर एकतीस.

२६ मे
सौ.ने उगवण पाहायला घेतली. दरवर्षीची पद्धत. थप्पीतल्या पोत्यापोत्यातून शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि पाणी शिंपडत राहायचं. सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर पेरायचं, नाही तर नाही. याला म्हणतात तपास! यात तुमची पार्टी नाही, माझी पार्टी नाही. दाणा कोणाचं ऐकत नाही.
यावर बारा मिनिटांचा व्हॉइस मेसेज केला. वर बसूनच.

२८ मे
व्हॉइस मेसेज चौघांनी ऐकला. पैकी एक सौ., ती खालीच उभी होती.
लोकांना ऐकायचं नसतं, पाहायचं असतं. म्हणून गोणपाटाचा फोटो टाकला, सगळ्या ओळी कोंबांनी भरलेल्या. 'घरचं बियाणं, उगवण ८८ टक्के.' फोटो गेल्या वर्षीचा आहे. पण हे बियाणं त्याच बियाण्याच्या पोटचं, त्याच वावरातलं, तेव्हा जुना म्हणता येणार नाही. आणि यंदाही तेवढंच निघणार. चार दिवस आधी टाकला एवढंच.
एकोणीस अंगठे आले. पहिल्यांदाच.

३० मे, सकाळी ९
आज हिरासिंग दारात. पलीकडच्या तांड्यावरचा, शाळेपासूनचा दोस्त, आणि दीड वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. तो 'खरा गावविकास'चा. ग्रुपवरच्या एका भांडणात मी त्याला बिकाऊ म्हणालो होतो. सगळ्यांसमोर. तेव्हा तो ग्रुपमधून लेफ्ट झाला होता.
चपला काढून बसला. फोटो कोणी तरी त्याला दाखवला होता. दोन पोती बियाणं पाहिजे म्हणाला, बदल्यात माझ्या पिकातलं तण काढायला दोन वेळा डवरणी करून देतो, बैलजोडी त्याची. सौ. आतून म्हणाली की उगवण पाहणं चालू आहे, दोन दिवस थांबा. त्यावर तो म्हणाला, "रामरावनं पाह्यलं ना वहिनी, मंग मी काहून पाहू? त्याच्या जिभेले हाड नाई, पण तो लबाड नाई."
सौ. माझ्याकडे पाहत होती. फोटोचं तिला काय माहीत! मी म्हणालो, घेऊन जा. बंडीवर दोन पोती चढवली, थप्पीची वरचीच दोन. डोळे भरून आले. 'खरा'वाल्यांचा माणूससुद्धा माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो. चळवळ यशस्वी होते आहे.
हिरासिंगला ग्रुपमध्ये जोडलं. मेंबर तेवीस.

१ जून
गोणपाट उघडलं. सौ.ने दोनदा मोजलं. त्रेचाळीस.
शंभरात त्रेचाळीस? शक्यच नाही. पाणी कमी पडलं असेल, नाही तर जास्त झालं असेल. गोणपाट खताचं होतं, मला आधीच शंका होती. सौ. म्हणाली, गोणपाट दर वर्षीचंच आहे, बसणारं बूड यंदाचं नवीन आहे. हे बोलणं झालं का!
माझा मी पुन्हा लावणार. शास्त्रशुद्ध.

७ जून
माझे निघाले: पूर्ण कोंब त्रेचाळीस. पण मी वरवर पाहणारा माणूस नाही. एकवीस दाणे फुगलेले आहेत, म्हणजे त्यांची तयारी आहे. चौसष्ट. बारा दाणे फुटलेले असले तरी आतून हिरवट आहेत, त्यांना अर्धे मार्क दिले तर सत्तर. पास.
सौ.ला सांगितलं. तिने गोणपाट उचलून कोंबड्यांपुढे झटकलं.

९ जून
सौ. म्हणते आपण दारव्ह्याहून दुकानाचं बियाणं आणू, उरलेली चार पोती बाजारात धान्य म्हणून देऊन टाकू. आणि हिरासिंगभाऊले आजच्या आज सांगा.
दुकानाचं आणायला मी तयार झालो. हार म्हणून नाही, दोन बियाण्यांची तुलना होईल म्हणून. अभ्यास पाहिजेच.
हिरासिंगला उद्या सांगतो. असं फोनवर सांगणं बरं नाही दिसत.

१० जून
तांड्यावर निघालो होतो. वाटेत टपरीवर टाकीचा विषय निघाला. एक जण म्हणाला, तू पाहिली का टाकी? इतका राग आला की परत आलो. अशा मनःस्थितीत मित्राकडे जाऊ नये.

१३ जून
सौ.ने विचारलं, सांगतलं का हिरासिंगभाऊले? मी हो म्हणालो. सांगणारच आहे, तेव्हा हो म्हणण्यात वावगं नाही.
चार पोती बोरीच्या बाजारात गेली. कोठी मोकळी दिसते. रेंज नाही. स्टुलावर स्टूल ठेवून पाहिलं, पडलो.

१५ जून
कोपर सुजलं आहे. सत्यासाठी लोकांनी काय काय सोसलं.
दूधवाल्याच्या फोनवर ग्रुप पाहिला. हिरासिंगने पहिल्यांदाच मेसेज टाकला आहे: 'बियाने भेटले. रामराव चे आभार.' खाली सतरा अंगठे. आता यावर 'थांब, पेरू नको' असं लिहायचं म्हणजे त्या बिचाऱ्याचाच अपमान. समोरासमोरच सांगेन. अजून पेरणीलायक ओल कुठे आहे?

१९ जून, सकाळी ६
काल दिवसभर भरपूर पडला. ओल वीतभर. आज सगळं शिवार पेरतं आहे. सात वाजता तांड्यावर जाणार. चहा घेऊन.

१९ जून, सकाळी ११
पोहोचलो तेव्हा हिरासिंगची तिफण निम्म्या वावरात होती. बांधावरून मला पाहून बैल थांबवले, हात जोडले. लालीबाई, त्याची बायको, मागून दाणे सोडत होती. मूठ दाखवत म्हणाली, दाणा चांगला टपोरा हाये भाऊ.
अर्धं पेरून झालेल्या माणसाला काय सांगणार? कामात खंड पडला असता. मी म्हणालो, खोल नको जाऊ देऊस. एवढा सल्ला तरी दिला. रिकाम्या हाताने नाही परतलो.

२० जून
आमची पेरणी ट्रॅक्टरने झाली. दुकानाचं बियाणं.

२६ जून
आमचं वावर उगवलं. ओळ न् ओळ भरलेली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. सौ. बांधावर उभी राहून हसली. तांड्याकडे गेलो नाही. पाय दुखतो.

२९ जून
ग्रुप पाहिला, पुन्हा दूधवाल्याच्या फोनवर. देवीलाल 'गावविकास'वर लिहितो: 'फक्त खरं'वाल्याचं ८८ टक्के बियाणं हिरासिंगच्या वावरात जाऊन पाहा, पीक कमी, टक्कल जास्त. त्यावर हसणारी तोंडं मोजली नाहीत.
हरामखोर. देवीलालने तरी स्वतः जाऊन पाहिलं का? पाहिलं असावं. फोटो आहे. आणि फोटो नवा आहे.

२ जुलै
काय ऐकतो आहे मी. हिरासिंग टपरीवर देवीलालच्या अंगावर गेला. त्याच्या स्वतःच्या पार्टीची माणसंही हसत होती, त्यांनाही बोलला. दूधवाला तिथेच होता. तो सांगतो, हिरासिंग म्हणाला, "माई पेर खोल गेली. रामरावनं सांगतलं व्हतं मले बांधावर येऊन, खोल नको जाऊ देऊ. मीच हाणलं तसं." आता म्हणे दुबार पेरणी. लालीबाईच्या माहेरून उसनं बियाणं आणलं.
जेवलो नाही. कोणाचा राग येतो आहे ते नीट कळत नाही. देवीलालचा येतो आहे. त्याचा तर येतोच आहे.
'फक्त खरं'मध्ये आता तिघे. मी, सौ. आणि हिरासिंग. सौ.ने म्यूट केलं आहे.

५ जुलै, सकाळी १०
गेलो शेवटी. शाळेच्या मागून गेलो, ती वाट जवळची. टाकी लागली. मागच्या बाजूने एक तडा आहे, बारीक, हातभर लांब. झिरपतं, पण फाटलेली वगैरे नाही. दोन्ही ग्रुप चूक. दोन महिन्यांनी पाहिलं. दोनशे पावलं होती. कोणाला सांगितलं नाही.
हिरासिंग दुसऱ्यांदा पेरलेल्या वावरात बसून पाखरं हाकलत होता. शेजारी बसलो. सांगितलं. बियाण्यातच खोट होती, तुझी पेर बरोबर होती, शंभरात त्रेचाळीसच उगवत होते. एका दमात सांगितलं. बरं वाटलं. इतके दिवस उगाच घाबरलो असंही वाटलं.
त्याने हातातलं ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "पेरायच्या आगुदर माहीत व्हतं काय तुले?"
मी म्हणालो, नव्हतं. नंतर कळलं.
त्याने मान हलवली. म्हणाला, "मंग तुई काय चूक?" आणि माझ्या खांद्यावर मातीचा हात ठेवला. सोमवारी डवरे घेऊन येतो म्हणाला. मी नको नको म्हणालो, तर म्हणाला, शब्द दिला व्हता ना.

५ जुलै, दुपारी
सौ.ने विचारलं, कुठं गेलते? तांड्यावर, म्हणालो. वावर पाहून येतो म्हणून पुन्हा बाहेर पडलो.
आमचं सोयाबीन वीतभर झालं आहे. दुकानाचं वाण, पान अरुंद आणि टोकदार. घरच्या बियाण्याचं पान गोल असतं. हिरासिंग चाळीस वर्षं सोयाबीन आणि कापसात वावरलेला माणूस. त्याला बैल जुंपायच्या आधी, बांधावरूनच कळेल की घरचं बियाणं मी पेरलंच नाही.
सोमवार परवा आहे.
ही वही कोणी वाचत नाही. इथे लिहून ठेवतो.
माहीत होतं. शंभरात त्रेचाळीस. आधी सौ.ने मोजले, नंतर मी.