शेजारचा चहा

प्रायश्चित्तकाळ, तिसरा रविवार. संध्याकाळ.

आज चर्चमध्ये मिस्सात विहिरीवरच्या परजातीच्या, शोमरोनी बाईचं शुभवर्तमान होतं. येशूनं तिच्याकडं पाणी मागितलं. देवाचा पुत्र, अन् स्वतः मागतो? दिवसभर तेच मनात.

हे वारल्यापासून शेजारच्या शांताबाई रोज दुपारी चहा आणायच्या. प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी मी त्यांना दारातच म्हटलं, "चाळीस दिवस चहा सोडलाय."

"घोटभर चहानं कोणता देव रुसतो व्हय, ताई?" त्या हसल्या, पण बशीनं झाकलेला कप तसाच परत नेला. अठरा दिवस झाले, आल्या नाहीत. घरात दुसरं बोलायला कोण आहे?

माझं व्रत टिकलं. तरी तो झाकलेला कपच दिसतो.

उद्या त्यांच्या दारात जाऊन प्यायला मागेन. जे देतील ते पिईन.