हौद्यात खाली कोण पडलं

प्रिय स्नेहल,

अक्षर बायडाबाईचं आहे, ओळखलं असशीलच. समोरच्या दारची, चौथी शिकलेली. मला अक्षरशत्रूला दुसरं कोण मिळणार? भांडण तिच्याशीच आहे, तरी लिहायला तीच बसलीय. सांगेन तसंच लिहायचं, अशी अंबाबाईची शपथ घातलीय तिला. तुला फोन लावला की तुझं मशीन बोलतं, आणि मशीनशी मी भांडत न्हाय.

परवा नाटक दाखवलंस. नातीनं बसवलेलं नाटक म्हणून नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. आणि स्टेजवर कोण? बायडाबाई! तुझी ती नटी सुष्मिता महिनाभर हिच्या घरी राहून सगळं उचलून घेऊन गेली. मिश्री लावलेल्या बोटानं पदर सावरणं, गुडघ्याला शिव्या देत उठणं, सगळं. पोरगी रोज माझ्या दारावरनं जायची, मी मुद्दाम मोठ्यांदा खोकायची. एकदा वळून बघितलं असेल तर शपथ. नाटक सुटल्यावर लोक बायडाबाईभोवती जमले. मला एका बाईनं विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण? म्हटलं, शेजारीण.

तेही गिळलं असतं. पण ती कुस्ती! आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हा. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, ही रीत. हिचा नवरा तिथला वस्ताद. एकदा पुरुषमाणसं कुस्त्यांचं मैदान बघायला कागलला गेलेली, तालमीची किल्ली हिच्या घरी खुंटीवर राहिली. भर दुपारी काष्टा आवळून आम्ही हौद्यातल्या लाल मातीत उतरलो. स्नेहल, चितपट मी केलं हिला! तुझ्या नाटकात मात्र हीच वर बसते, टाळ्या पडतात, आणि खाली पडलेल्या बाईला साधं नावसुद्धा न्हाय. इथं बायडाबाईनं पेन थांबवलंय. म्हणते, माती तुझ्या पाठीला होती की गं. अगं, ती उठताना लागली. लिही गपगुमान.

मी तुला विचारलं होतं, घरात आजी असताना समोरची कशाला? तू म्हणालीस, आपण कोण हे शोधायचं तर परक्या माणसाच्या अंगात शिरावं लागतं. घरचं माणूस आपल्याला दिसतच नाही, म्हणून घरापासून सुरुवात करायची नाही, हा तुझा नियम. बायडाबाई मान डोलवत होती, जसं काही हिला कळलंच! मला एवढंच कळलं, की मी तुला दिसत न्हाय. पंचवीस वर्षं ह्या घरात येतेस, विचारलंस काय, तर लोणच्याची बरणी कुठं ठेवलीय.

निकाल बदलू नकोस. लोकांना आवडलाय, बायडाबाईला तर त्याशिवाय जेवण जायचं न्हाय. पण दिवाळीला येशील तेव्हा आजी म्हणून हाक मारत आत शिरू नकोस. समोर हिच्याकडंच उतर. सकाळी माझं दार वाजव. मी विचारीन, कोण पावणं? तू तुझं नाव सांगू नकोस, माझं विचार. सुष्मिताला पाठवायचं नाही, तूच यायचं. आधी जरा भाव खाईन, मग सांगायला बसेन. रजा जास्त काढून ये.

तुझीच,
धोंडुबाई